‘मी तं काहीच नाही करत’ : ॲन ओकली वाचून खेड्यात मुलाखत कशी घ्यावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातली एक विद्यार्थिनी समाजकार्याच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी गर्भवती आणि बाळंतिणींच्या मुलाखती घेते आहे. वाचनाच्या यादीत ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ॲन ओकली यांचं नाव आहे. लंडनच्या गृहिणींवर पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेलं आपल्याकडं कशाला वाचायचं, असं तिचे मार्गदर्शक म्हणतात. शिवाय प्रत्यक्ष कामात दोन अडचणी आहेत. ‘दिवसभर काय काम करता’ असं विचारलं की बाया ‘काहीच नाही’ म्हणतात आणि रकाना कोरा राहतो. आणि मुलाखत चालू असताना बायाच तिला उलट प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं द्यावी की टाळावी?

मी वर्धा-यवतमाळ भागात आशा आणि अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाचं काम बरीच वर्षं करते आहे, त्या अनुभवावरून लिहिते. तुमच्या मार्गदर्शकांचं म्हणणं एका अर्थी बरोबर आहे. लंडनचे निष्कर्ष उचलून यवतमाळमधल्या घाटंजीला लावता येत नाहीत. पण ओकली निष्कर्षांसाठी वाचायच्याच नाहीत. बाईचं जे काम कुणी काम म्हणून धरत नाही, ते मोजायला घेतलं की आरोग्याची सगळी योजनाच वेगळी दिसू लागते, हे त्यांनी करून दाखवलं. ती रीत इथं उपयोगी आहे, आणि तुमच्या दोन्ही अडचणींची उत्तरं त्या रीतीतच आहेत.

१९७० च्या सुमारास समाजशास्त्रात कारखाना, कामगार, पगार, संप यांवर ढीगभर अभ्यास होत होते. घरकाम मात्र ‘कुटुंब’ नावाच्या प्रकरणात कुठंतरी कोपऱ्यात असायचं. ओकलींनी लंडनमधल्या ४० तरुण आयांना घरकामाबद्दल तेच प्रश्न विचारले, जे कारखान्यातल्या कामगाराला विचारतात : किती तास करता, कंटाळा येतो का, घाई होते का, सलग करता येतं की सारखं तुटतं, कुणाशी बोलायला मिळतं का. सरासरी आली आठवड्याला ७७ तास. सगळ्यात कमी ४८, सगळ्यात जास्त १०५. हा अभ्यास १९७४ साली छापून आला. त्यांनी ‘घरकाम आवडतं का’ एवढ्यावर थांबवलं नाही. कपडे धुणं वेगळं, इस्त्री वेगळी, स्वयंपाक वेगळा, असं एकेक काम सुटं करून विचारलं. त्यामुळं ‘घर सांभाळते’ या दोन शब्दांखाली दडलेलं सगळं वर आलं.

आता तुमचा कोरा रकाना. आपल्याकडं बाई ‘मी तं काहीच नाही करत, घरीच राह्यतो’ म्हणते, तेव्हा ती खोटं बोलत नसते. काम म्हणजे मजुरी, हे तिला लहानपणापासून सगळ्यांनी शिकवलेलं आहे आणि तुमचा प्रश्नही तेच गृहीत धरतो. म्हणून ‘काम’ हा शब्द पहिल्या अर्ध्या तासात काढूच नका. कालचा दिवस विचारा. केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणात हेच करतात : काल पहाटे ४ पासून आज पहाटे ४ पर्यंतचे चोवीस तास, अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे, आणि एका तुकड्यात दोन कामं चालू असली तर दोन्ही लिहायची. २०१९ च्या सर्वेक्षणात देशभरात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि जे पुरुष ते करत होते ते ९७. २०२४ मध्ये आकडे आले २८९ आणि ८८. बाईची दहा मिनिटं कमी झाली म्हणावं तर पुरुषाचीही नऊ कमी झाली!

एका बाईचा कापूस वेचणीच्या हंगामातला दिवस आम्ही प्रशिक्षणात असाच तुकड्या-तुकड्यानं लिहून काढला होता. पाच महिन्यांची गर्भवती, कडेवर दोन वर्षांचा पोरगा. ‘काहीच नाही’पासूनच सुरुवात झाली. मग पहाटेचं पाणी निघालं, कारण नळ एक दिवसाआड येतो आणि आला की गुंड-घागरी, ड्रम सगळं भरून घ्यावं लागतं. आंघोळीचं पाणी चुलीवर, कारण सिलिंडर स्वयंपाकापुरता जपून वापरायचा. भाकरी टाकता टाकता पोराला भरवणं, हे एका अर्ध्या तासात दोन कामं. सासऱ्याची बीपीची गोळी तिच्याच ध्यानात. डबा बांधून, पोराला अंगणवाडीत सोडून वावरात. दिवसभर कमरेला ओटी बांधून वाकून वेचणी. संध्याकाळी कापसाचं वजन झालं की किलोप्रमाणे पैसे. या एवढ्याच तासांना ती काम म्हणाली. परत येताना डोक्यावर पऱ्हाटीचा, म्हणजे सरपणाला कापसाच्या काड्यांचा, भारा, मग रात्रीचा स्वयंपाक, भांडी, पोराचं निजणं. कागद भरला तेव्हा तिनं तो स्वतः बोट लावून वाचला आणि विचारलं, ‘हे सारं मांडाचं होतं का?’ खोलीतल्या आशा ताई एकदम बोलायला लागल्या, कारण प्रत्येकीला आपला कागद दिसत होता.

तुम्हाला वाटेल, यात आरोग्याचं काय? सगळंच. प्रधानमंत्री मातृवंदना योजना घ्या. पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये हप्त्यांनी मिळतात, आणि २०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर ६,०००. योजनेचा लिखित हेतू असा की मजुरी बुडते तिची काही भरपाई व्हावी आणि बाईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळावी. हेतू चांगला आहे. पण वरच्या बाईचा दिवस समोर ठेवून पाहा. मजुरी थांबली तरी पाणी, चूल, पऱ्हाटी, सासऱ्याची गोळी यातलं काय थांबलं? सुट्टी वावरातून मिळेल, घरातून कोण देणार? ज्या घरात जाऊ किंवा नणंद आहे, तिथं तिचं काम वाढतं. ज्या घरात कुणी नाही, तिथं बाळंतीण आठव्या दिवशी पाण्याला जाते. पैसा मिळूनही विश्रांती का मिळत नाही, हे तुमच्या चोवीस तासांच्या कागदावरून दिसेल. योजनेच्या लाभार्थी यादीवरून कधीच दिसणार नाही. तुमच्या प्रबंधात हा एक धागा जरी नीट आला, तरी तो अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेपासून जिल्हा परिषदेपर्यंत कुणालाही उपयोगी पडेल.

कुटुंब नियोजनाचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशात स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के होतं आणि पुरुष-नसबंदीचं ०.३. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, टाके-बिके जवळजवळ नाहीत, तरी हे प्रमाण असं. कारण विचारलं की घरोघरी एकच उत्तर येतं : त्याला कामावर जायचं असतं. म्हणजे पुन्हा तेच. तिचं काम काम नाही, म्हणून तिच्या अंगावरच्या टाक्यांना वेळ असतो.

ओकलींच्या वडिलांबद्दल दोन शब्द लिहायला हवेत, कारण त्याचा संबंध थेट आपल्या आशा ताईंशी आहे. रिचर्ड टिटमस हे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले प्राध्यापक, ब्रिटनच्या सामाजिक धोरणाच्या अभ्यासातलं मोठं नाव. १९७० साली त्यांनी रक्तदानावर लिहिलं : ब्रिटनमध्ये लोक फुकट रक्त देतात, अमेरिकेत विकतही घेतात, आणि दिलेलं रक्त विकतच्या रक्तापेक्षा जास्त सुरक्षित निघतं. समाज दानावरही चालतो, हा त्यांचा आग्रह होता आणि तो मला मनापासून पटतो. मात्र दान देणाऱ्याला ‘आज नाही’ म्हणता येतं. मुलीनं जे काम मोजलं, ते करणारीला तसं म्हणायची सोय नव्हती. बापाचं आणि लेकीचं लिखाण शेजारी ठेवून वाचलं की सेवाभाव कुठं संपतो आणि बिनपगारी राबणं कुठं सुरू होतं, हे नीट विचारता येतं. (दोघांना एकत्र वाचा असं मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते.)

आशा ताई २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आल्या. साधारण हजार लोकसंख्येमागे एक, गावातलीच सून किंवा लेक, पगार नाही, कामागणिक मोबदला. नवजात बाळाच्या घरभेटींचंच उदाहरण घेते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीची आणखी एक. प्रत्येक भेटीत हात धुवायचे, झोळीच्या काट्यानं वजन करायचं, काखेत थर्मामीटर, नाळ कोरडी आहे का, दूध ओढतंय का, पोट उघडं करून पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. ६० किंवा जास्त भरले तर ताबडतोब पाठवायचं. आईचा रक्तस्राव, ताप, स्तन बघायचे. २०११ साली हे देशभर लागू झालं तेव्हा या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये ठरले. भेटीमागे साधारण ४२ रुपये. ते ४५ व्या दिवशी मिळायचे, तेही वजनाची नोंद, बीसीजी आणि पहिले डोस, जन्मनोंदणी झाली असेल आणि ४२ व्या दिवसापर्यंत आई व बाळ दोघं सुखरूप असतील तर. शेवटची अट पुन्हा वाचा. जिच्या घरी बाळ दगावलं, तिथं जास्त फेऱ्या मारलेल्या असतात, रात्री १०८ ला फोन केलेले असतात, आईजवळ बसलेलं असतं. तेवढ्या कामाला त्या चौकटीत जागाच नव्हती. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या दहा लाखांवर आशांचा गौरव केला, तेव्हा आमच्याकडच्या बायांना खूप आनंद झाला. त्यांची मागणी मात्र तेव्हाही ठरावीक मानधनाचीच होती आणि ती रास्त आहे.

आता मला या विषयात सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग. बायांच्या अभ्यासात ‘मऊ’ गोष्टी येतात, त्या मोजता येत नाहीत, असं बरेच जण समजतात. ओकलींनी १९८० च्या दशकात इंग्लंडमधल्या चार रुग्णालयांतल्या ५०९ गर्भवती घेतल्या. सगळ्यांना आधी कमी वजनाचं बाळ झालेलं होतं. कोण कुठल्या गटात, हे योगायोगावर सोडलं. एका गटाला नेहमीची सेवा. दुसऱ्या गटाला नेहमीची सेवा आणि शिवाय एक सुईण जी घरी येईल, ऐकून घेईल, विचारलं तर सांगेल, फोन उचलेल. तपासणी किंवा उपचार तिनं करायचा नाही. नुसत्या आधारानं काही होतं का, हे बघायचं होतं. बाळांच्या सरासरी वजनात फरक पडला तो ३८ ग्रॅमचा, म्हणजे फार नाही. पण आधार मिळालेल्या बायांना बाळंतपणाआधी दवाखान्यात भरती व्हावं लागण्याचं प्रमाण कमी होतं आणि बाळंतपणानंतर आया-बाळांची तब्येत बरी होती. सात वर्षांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही कल त्याच बाजूनं होता. आकडा छोटा आला तर तो छोटा म्हणूनच सांगायचा, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. पुढं त्यांनी स्त्रीवादी संशोधकांशीही वाद घातला की आकडे आणि तुलनात्मक चाचण्या म्हणजे पुरुषी पद्धत म्हणून टाकून देऊ नका. बायांवर कुठल्याही पुराव्याशिवाय उपचार आणि योजना लादल्या जातात, त्या थांबवायला हेच हत्यार लागतं.

आणि हे आपल्याला परकं नाही, हे तुमच्या मार्गदर्शकांना नक्की सांगा. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेनं १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत जे केलं, ते याच कुळातलं आहे. थोडं शिकलेल्या गावातल्या बायांना डॉ. अभय आणि राणी बंग यांनी नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदरात तुलनेच्या गावांच्या मानानं ६२ टक्के घट झाली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं आणि त्यातूनच वर सांगितलेल्या आशांच्या घरभेटी आल्या. इंग्लंडच्या सुईणी उपचार करत नव्हत्या, गडचिरोलीच्या बाया करत होत्या, हा फरक लक्षात ठेवा. दोन्ही एकच आहे असं लिहू नका. पण घरी जाणारी बाई हीसुद्धा आरोग्यसेवाच आहे आणि तिचा परिणाम तुलना करून मोजता येतो, हे दोन्हीकडं सिद्ध झालं. गडचिरोलीचा पुरावा तर जगानं वापरला. देशभर योजना नेताना पुरावा नेला आणि ती बाई स्वयंसेविका राहिली, याची मला खंत आहे.

दुसरी अडचण : उलट प्रश्न. मुलाखतीच्या जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असायचं की उत्तर देऊ नका, हसून विषय बदला, नाहीतर माहिती बिघडेल. ओकलींनी पहिलटकरणींच्या मुलाखती घेताना बायांनी विचारलेले प्रश्न नोंदवून ठेवले. त्यातले सुमारे तीन-चतुर्थांश निव्वळ माहितीचे होते. बाळ नेमकं कुठून बाहेर येतं, असंही एकीनं विचारलं होतं. हे लंडनमध्ये, दवाखान्यात नियमित तपासणीला जाणाऱ्या बायांकडून! त्यांनी उत्तरं द्यायचं ठरवलं आणि १९८१ साली त्याची कारणं लिहिली : ज्या बाईकडून तुम्ही इतकं घेता, तिला साधं उत्तर नाकारणं हे अन्यायाचं आहे, आणि अशानं ती तुम्हाला खरं काही सांगणारही नाही.

तेव्हा उत्तर द्या, पण तयारीनं. तुमच्याकडं काय विचारतील ते मला माहीत आहे. ‘लोहाच्या गोळीनं बाळ मोठं होऊन अडकते का?’ नाही, गोळी १८० दिवस रोज घ्यायची, चहासोबत नाही, संडास काळी होते त्यानं घाबरायचं नाही. ‘पोट्टीच झाली तं?’ इथं स्पष्ट सांगा की मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावरून ठरतं, आणि हे सासूच्या देखत सांगा. ‘अंगावर पांढरं जाते’ हे मात्र हळू आवाजात, तुम्ही निघताना, दारात येऊन सांगतील. त्यावर तिथंच औषध सुचवू नका. तपासणीला प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्सबाईकडं कुठल्या दिवशी जायचं ते सांगा आणि आशा ताईला सोबत द्या. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के बायांना स्त्रीरोग निघाले आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हे १९८९ साली छापलं गेलं. तोवर स्त्रीआरोग्य म्हणजे गरोदरपण आणि नसबंदी, एवढंच धोरणात होतं. दारातला तो हळू आवाज ऐकणं हाच तुमच्या अभ्यासाचा गाभा समजा. नवरा मारतो असं कुणी सांगितलं तर ते प्रश्नावलीत भरायच्या आधी ती सुरक्षित आहे का ते बघा. महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर तोंडी सांगा, घरात कागदावर लिहून ठेवू नका. आणि हे सगळे उलट प्रश्न वहीच्या मागच्या पानांवर जसेच्या तसे, तिच्याच बोलीत उतरवा. ते प्रबंधाचं स्वतंत्र प्रकरण होईल.

ओकली जिथं पुरत नाहीत तेही लिहा. त्यांच्या बाया विभक्त कुटुंबातल्या, शहरातल्या. आपल्याकडं सासू आहे, जात आहे, जमीन आहे. कोलाम आदिवासींच्या पोडावरची (वस्तीवरची) बाई, तांड्यावरची बाई आणि गावठाणातल्या दहा एकरवाल्याची सून यांचा चोवीस तासांचा कागद एकसारखा येणार नाही. आशा ताई कुठल्या घरात चुलीपर्यंत जाते आणि कुठल्या घरात ओसरीवरूनच बोलते, हे बघा. बाळाचं वजन ओसरीवर होत नाही. शेतीचं बरंचसं काम बाईचं आणि सातबारा बहुतेक पुरुषाचा, हेही त्यातच येतं. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला १ लाखाची मदत देताना पात्र-अपात्र ठरतं ते सातबारा, कर्ज, वसुलीचा तगादा अशा कागदांवर. नवऱ्यामागं ते कागद गोळा करत तहसीलला खेटे घालते ती बाई, आणि आयुष्यभर निंदण-वेचणी करून तिनं स्वतः जीव दिला तर शेतकरी म्हणून तिची नोंद होणं अवघड. हे लंडनच्या कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. ते तुम्हालाच लिहावं लागेल.

वेळेचं एक सांगते. वेचणी आणि निंदणाच्या दिवसांत दुपारी गावात जाऊ नका. घरी भेटतील त्या आजारी, बाळंतीण नाहीतर म्हाताऱ्या, आणि तुमचा नमुना तिथंच वाकडा होईल. संध्याकाळी सातनंतरही नको, चूल पेटलेली असते. पावसाच्या झडीचा दिवस, बाजाराच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ, लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीतली वाट बघण्याची वेळ, या बऱ्या. एकीचा कागद दोनदा भरा, एकदा हंगामात आणि एकदा उन्हाळ्यात पाणी तुटल्यावर.

शेवटचं, तुमच्या स्वतःच्या अभ्यासाबद्दल. तुम्हाला घर दाखवायला, ‘ही आपली पोरगी आहे, बोल हिच्याशी’ असं सांगायला आशा ताईच सोबत येणार. तिचा अर्धा दिवस जातो, त्या दिवसाची मजुरी जाते. प्रबंधाच्या खर्चात तिचा रोज धरा आणि तो तिच्या हातात द्या, नुसते आभार नकोत. विद्यापीठाच्या नमुन्यात तसा रकाना नसेल तर मार्गदर्शकांकडं लेखी मागा. आणि पद्धतीच्या प्रकरणात लिहा की हा अभ्यास करायला इतक्या आशा ताईंचे इतके तास लागले.